एकाच मुळाचं ‘अल्दा’ आणि ‘गलध’ कसं होतं? एल्फ भाषांबद्दल वाचकांचे प्रश्न

जे. आर. आर. टोल्किन यांनी आपल्या कथाविश्वातल्या एल्फ लोकांसाठी भाषा घडवल्या. त्यांतल्या दोन मुख्य भाषा म्हणजे क्वेन्या आणि सिंदारिन. दोन्ही एकाच आदिभाषेतून निघालेल्या, म्हणजे बहिणी-बहिणी. मागच्या अंकात त्यांच्या मूळशब्दांवर एक टिपण आलं होतं, त्यावरचे निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उच्चारापुरती एक सूचना: या पानांवर ‘ध’ लिहिलं असेल तिथे इंग्रजी ‘दॅट’मधला घर्षणाचा ध्वनी समजावा आणि ‘थ’ असेल तिथे ‘थिंक’मधला. आपल्या धरणातला ध आणि थाळीतला थ वेगळे, पण देवनागरीत त्यांना दुसरी सोय नाही.

राजारामपुरी, कोल्हापूर: मुळांच्या यादीत मोठ्या रोमन अक्षरांत ‘गलद’ आणि पुढे ‘झाड’ असं दिलंय. मग झाडासाठी थेट ‘गलद’ वापरलं तर चालेल का?

चालणार नाही. मोठ्या अक्षरांतली नोंद हा शब्द नसतो, ते मूळ असतं. ‘गम्’ हा धातू पाणिनीच्या धातुपाठात आहे, पण ‘मी घरी गम्’ असं कोणी म्हणत नाही. तसंच हे.

तुम्ही म्हणता ती यादी, ‘एटिमॉलॉजीज’, टोल्किननी 1937-38च्या सुमारास केली. ती छापून आली त्यांच्या मृत्यूनंतर, 1987 साली, त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेल्या ‘द लॉस्ट रोड’ या खंडात. नोंद वाचण्याचा क्रम असा: आधी मूळ, मग बहुधा तारांकन लावलेलं आदिरूप, मग एकेका भाषेतला शब्द. तारांकन म्हणजे ‘हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, तर्काने बांधलं आहे’. खऱ्या भाषांच्या अभ्यासातही हीच खूण वापरतात.

आता झाडाकडे. ‘गल’ म्हणजे वाढणं, बहरणं. त्याचंच वाढवलेलं मूळ ‘गलद’. मुळात जो स्वर असतो, इथे अ, तोच वाढवताना पुन्हा येतो. मुळाला क्वेन्यात ‘सुंदो’ म्हणतात आणि या पायाभूत स्वराला ‘सुंदोमा’. त्यापासून आदिरूप *गलदा. इथून दोन वाटा फुटतात.

क्वेन्याच्या वाटेवर शब्दाच्या सुरुवातीचा ग गळून जातो: अलदा. मग मधला ऱ्हस्व अ गळतो आणि उरतो ‘अल्दा’. सिंदारिनच्या वाटेवर ग टिकतो, दोन स्वरांमधला द मऊ होऊन ध होतो, शेवटचा स्वर झडतो: ‘गलध’. दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी कात्री लावली आहे, म्हणून ऐकताना नातं पटत नाही. पण सप्त, सत्त, सात ही साखळी ज्याने शाळेत पाठ केली, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अष्ट, अट्ठ, आठ ही साखळीही तशीच: जोडाक्षर मोडलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. नियम एकदा कळला की शब्द पाठ करावे लागत नाहीत.

कागल: कोणत्या ध्वनीचा काय होतो, याची छोटी यादी मिळेल का? मोठी यादी वाचून डोकं गरगरतं.

सहा नियम पुरेसे आहेत. निम्म्याहून जास्त कोडी त्यांनीच सुटतात.

मुळातला ‘क्व’ क्वेन्यात तसाच राहतो, सिंदारिनमध्ये त्याचा ‘प’ होतो. ‘क्वेत’ म्हणजे बोलणं. क्वेन्यात ‘क्वेत्ता’ म्हणजे शब्द, सिंदारिनमध्ये ‘पेद-’ म्हणजे बोल. ही टोल्किनची लहर नव्हे. लॅटिनमध्ये चारला ‘क्वात्तुओर’ आणि वेल्शमध्ये ‘पेद्वर’ म्हणतात, त्यांच्यातही हाच फरक आहे. सिंदारिनचा साचाच वेल्शवरून घेतलेला आहे.

सुरुवातीचा ‘न्द’: क्वेन्यात न, सिंदारिनमध्ये द. देशाला क्वेन्यात ‘नोरे’, सिंदारिनमध्ये ‘दोर’. सुरुवातीचा ‘म्ब’: क्वेन्यात म, सिंदारिनमध्ये ब. घराला ‘मर’ आणि ‘बर’. सुरुवातीचा ‘ग’ क्वेन्यात गायब, सिंदारिनमध्ये हजर. दगडाला ‘ओन्दो’ आणि ‘गोन्द’; म्हणून गोन्दोर म्हणजे दगडांचा देश. स्वरांमधले क, त, प सिंदारिनमध्ये ग, द, ब होतात: बाप क्वेन्यात ‘अतर’, सिंदारिनमध्ये ‘अदर’. आणि सहावा, ‘थ’ क्वेन्यात बहुतेक ठिकाणी स झाला: राखाडीला ‘सिंदे’ आणि ‘थिंद’. गंमत म्हणजे ‘सिंदारिन’ हे नाव स्वतः क्वेन्या शब्द आहे. त्या भाषेत ते नाव स वरून सुरूच झालं नसतं.

चूक होते ती उलट्या दिशेने जाताना. क्वेन्या शब्द न वरून सुरू होत असेल तर त्याचं मूळ तीन प्रकारचं असू शकतं. ‘नेन’ म्हणजे पाणी, इथे न मुळातलाच. ‘नोरे’मध्ये मूळ न्द. ‘नोल्दो’ म्हणजे एल्फांच्या एका कुळातला, त्यात मूळ कंठ्य अनुनासिक, वाङ्मय या शब्दातला ङ. नुसत्या क्वेन्यावरून हे ओळखता येत नाही, सिंदारिन बहीण शेजारी ठेवावी लागते: नेन, दोर, गोलोध. तिघींची तीन तोंडं लगेच दिसतात. तसंच स्वराने सुरू होणाऱ्या क्वेन्या शब्दापुढे डोळे मिटून ग लावू नका. ‘अल्दा’पुढे ग होता, ‘अतर’पुढे कधीच नव्हता.

गडहिंग्लज: गॅलाड्रिएल ही वनात राहणारी राणी. म्हणजे तिच्या नावात ‘गलध’, झाड, आहेच ना?

ऐकायला अगदी पटतं, आणि म्हणूनच ते तपासायला हवं. नावात ‘द’ आहे, ‘ध’ नाही. वरच्या नियमांप्रमाणे सिंदारिनमध्ये स्वरांमागचा द हा मूळ त पासून येतो, मूळ द पासून ध येतो. म्हणजे या नावात मुळात त असायला हवा. तसाच तो आहे: तेलेरिन या तिसऱ्या बहिणीत हे नाव ‘अलातारिएल’ असं आहे, क्वेन्यात ‘अल्तारिएल’. ‘अलाता’ म्हणजे तेज, सिंदारिनमध्ये ‘गलद’. शेवटच्या ‘रिएल’मध्ये ‘रिग’ म्हणजे गुंफणं हे मूळ आहे आणि अर्थ मुकुटासारखी माळ घातलेली मुलगी. तेजाची माळ घातलेली, असं ते नाव. झाडाचा पत्ताच नाही.

मात्र तुमचा गैरसमज एकट्या तुमचा नाही. टोल्किनच्या कथेतसुद्धा लोथलोरिएनच्या, म्हणजे तिच्या वनाच्या, बाहेरचे लोक हीच चूक करून तिचं नाव ‘गलध्रिएल’ असं म्हणतात, कारण तिथल्या रहिवाशांना ‘गलध्रिम’, झाडांचे लोक, म्हणत. ऐकीव सारखेपणावरून कथा जोडण्याची खोड आपल्यालाही आहे. शाळेतली पोरं कोल्हापूरचा संबंध कोल्ह्याशी लावतात, मोठी माणसं कोल्हासुराच्या कथेशी. कथा आपल्या जागी राहू द्या, पण व्युत्पत्ती म्हणून पुढे आणलीत तर तिला ध्वनींची परीक्षा द्यावी लागते.

शाहूपुरी: एल्फ भाषेत ‘पान’ आणि ‘कान’ एकाच मुळातून आलेत असं ऐकलं. खरं का?

मराठीत यमक जुळतं म्हणून कोणी थट्टा केली असेल असं वाटेल, पण यादीतच तसं सुचवलं आहे. ‘लस’ या नावाची दोन मुळं आहेत, एक पानाचं आणि एक ऐकण्याचं. त्यांचं नातं असावं, कारण एल्फांचे कान माणसांपेक्षा टोकदार आणि पानाच्या आकाराचे, अशी टीप टोल्किननी जोडली आहे. पानाला क्वेन्यात ‘लस्से’, सिंदारिनमध्ये ‘लस्स’. लेगोलस या एल्फ पात्राच्या नावात ‘हिरवी पालवी’ आहे ती यामुळेच. कानांच्या बाजूने आमोन ल्हाव ही ऐकण्याची टेकडी आली.

इचलकरंजी: एका यादीत पान म्हणजे ‘ल्हस्स’, दुसऱ्यात ‘लस्स’. कोणती यादी फेकून द्यायची?

कोणतीच नको, दोन्हींवर साल लिहा. या विषयात नव्याने पडणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा लांबून सांगतो.

टोल्किननी 1915च्या सुमारास पहिला शब्दकोश केला आणि ते 1973 साली वारले तोवर डागडुजी थांबवली नाही. 1930च्या दशकात ज्या भाषेला ते ‘नोल्दोरिन’ म्हणत होते, तिचा इतिहास त्यांनी पुढे बदलला आणि 1954-55मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापून आली तोवर तीच भाषा थोडी बदलून ‘सिंदारिन’ झाली होती. आता मेख अशी की ‘एटिमॉलॉजीज’ ही सगळ्यात सोयीची, सगळ्यात मोठी यादी 1937-38ची आहे. म्हणजे तीत सिंदारिन नाहीच, नोल्दोरिन आहे. नोल्दोरिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या प्रत्येक ल चा ‘ल्ह’ आणि प्रत्येक र चा ‘ऱ्ह’ होत असे. सिंदारिनमध्ये तो नियम आखडता घेतला: मुळात ‘स्ल’ किंवा ‘स्र’ असेल तरच. म्हणून पानाचं ‘ल्हस्स’ पुढे ‘लस्स’ झालं. आमोन ल्हावमध्ये मात्र ‘ल्ह’ राहिला, आणि तो टिकावा म्हणून नंतरच्या टिपणांत ऐकण्याचं मूळ ‘स्लस’ असं धरलं. वरच्या उत्तरातलं पान-कानाचं नातं त्यामुळे नंतर जरा सैल पडलं, हेही लक्षात असू द्या.

वही घाला आणि प्रत्येक शब्दापुढे चार रकाने आखा: मूळ, भाषा, साल, पान क्रमांक. यादीतला नोल्दोरिन शब्द सिंदारिन म्हणून वापरायचा असेल तर निदान सुरुवातीचे ल्ह-ऱ्ह तपासा. 2003 आणि 2004मध्ये ‘विन्यार तेंग्वार’ या नियतकालिकाच्या 45 आणि 46 या अंकांत ‘एटिमॉलॉजीज’ची दुरुस्ती आणि पुरवणी आली आहे. छापील खंडातले काही शब्द हस्ताक्षर चुकीचं लागल्यामुळे बिघडले होते, ते तिथे सुधारले आहेत. इंटरनेटवरच्या बऱ्याच याद्या यातलं काहीच सांगत नाहीत, सगळं एका पोत्यात भरतात. साल नसलेल्या यादीवर आमचा भरवसा नाही.

प्रयाग चिखली: पंचगंगेला सिंदारिनमध्ये काय म्हणता येईल? ‘लेबेन’ म्हणजे पाच आणि ‘सीर’ म्हणजे नदी एवढं शोधलं. ‘लेबेनसीर’ बरोबर आहे का?

शोध बरोबर, जोड चुकली. सिंदारिन समासात दुसऱ्या पदाचा पहिला ध्वनी मऊ होतो आणि स मऊ झाला की ह होतो. टोल्किनचा स्वतःचा पुरावा आहे: दोन नद्यांमधल्या प्रदेशाचं नाव ‘मिन्हिरिअथ’. ‘मिन’ म्हणजे मध्ये आणि ‘सीर’चं झालं ‘हिर’. त्या चालीने तुमचं नाव ‘लेबेन्हिर’ होईल. यावर कोणी ओस्सिरिअन्दकडे, सात नद्यांच्या प्रदेशाकडे, बोट दाखवेल की तिथे स कसा राहिला. तिथे एकटा स नाही, जोड ‘स्स’ आहे, आणि जोडाला हा नियम लागत नाही.

पण नवं नाव घडवायची गरज आहे का? गोन्दोरच्या दक्षिण भागात ‘लेबेन्निन’ नावाचा प्रांत आहेच. ‘लेबेन’ अधिक ‘नीन’. पाणी म्हणजे ‘नेन’, त्याचं अनेकवचन ‘नीन’. (सिंदारिनमध्ये अनेकवचन करताना आतला स्वर बदलतो. ‘आमोन’ टेकडी, ‘एमिन’ टेकड्या.) त्या प्रांतात एरुइ, सिरिथ, केलोस, सेर्नी आणि गिल्राइन असे पाच प्रवाह आहेत, आणि त्यांतला केलोस सिरिथला मिळतो, सेर्नी गिल्राइनला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशी आपली मोजणी; त्यांच्याकडे गुप्त कोणी नाही, पाचही नकाशात दिसतात. फरक एवढाच की लेबेन्निन हे प्रदेशाचं नाव आहे, एका नदीचं नाही. नदीलाच नाव हवं असेल तर ‘लेबेन्हिर’ घ्या आणि वहीत ‘नवा घडवलेला’ असा शेरा मारा.

जाता जाता: पाचचं मूळ ‘लेप’. बोटाला क्वेन्यात ‘लेपेर’, सिंदारिनमध्ये ‘लेबेर’. हाताच्या बोटांवर मोजायची सवय एल्फांनाही होती.

नागाळा पार्क: नव्या घराच्या पाटीसाठी ‘म्बर’ (घर) आणि ‘कल’ (प्रकाश) ही मुळं जोडून ‘म्बरकल’ केलं. चालेल?

दोन दोष आहेत. क्वेन्या किंवा सिंदारिन शब्द ‘म्ब’ने सुरू होत नाही, हे वर आलंच. दुसरं, विशेषण किंवा संबंध दाखवणारं पद आधी आणि मुख्य पद शेवटी, हा क्वेन्या समासाचा क्रम. ‘एल्दामर’ म्हणजे एल्फांचं घर, त्यात ‘मर’ शेवटी आहे. म्हणून ‘कला’ (प्रकाश) अधिक ‘मर’, ‘कलामर’. आघात पहिल्या अक्षरावर येईल. नियम लॅटिनसारखा: शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल किंवा त्याच्यानंतर दोन व्यंजनं असतील तर आघात त्यावर, नाहीतर त्याच्या आधीच्या अक्षरावर. क्वेन्यातला शेवटून दुसरा अ इथे ऱ्हस्वच आहे, देवनागरीत काना दिला म्हणून फसू नका.

व्याकरणाने झालं. आता व्यवहाराचं: देवनागरीत पाटी केलीत तर घरावर ‘मर’ असं लिहिलेलं दिसेल आणि सासूबाई पहिल्याच दिवशी ती उतरवायला लावतील. अंगणात झाडं असतील आणि ‘अल्दामर’ घेतलंत तरी तीच अडचण. तेंग्वार या टोल्किनच्या एल्फ लिपीत पाटी करून घ्या. वाचणारा क्वचितच भेटेल, पण जो वाचेल त्याला अर्थही कळेल.

शिवाजी विद्यापीठातील एक विद्यार्थिनी: कादंबरीसाठी स्वतःची भाषा घडवते आहे. मुळांपासून सुरुवात कशी करावी?

ध्वनींपासून सुरुवात करा, मुळांपासून नाही. आदिभाषेत 15-16 व्यंजनं आणि 5 स्वर पुरतात. मराठीतले सगळे ध्वनी घेतलेत तर भाषा मराठीचीच सावली होईल. ळ, ण, महाप्राण हे मुद्दाम सोडून पाहा. मग मुळाचा साचा ठरवा, उदाहरणार्थ व्यंजन-स्वर-व्यंजन. सुरुवातीला 70-80 मुळं पुरेत: शरीर, पाणी, आग, जाणं, देणं, बघणं. राजसिंहासन आणि तलवार शेवटी घ्या, बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि साध्या वाक्यात अडकतात.

त्यानंतर ध्वनिनियम, आठ-दहा. त्यांना क्रमांक द्या आणि क्रम कधीही मोडू नका. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समजा पहिला नियम असा की स्वरांमधले क, त हे ग, द होतात, आणि दुसरा असा की मधला ऱ्हस्व स्वर गळतो. शब्द ‘मकतु’. पहिला नियम आधी लावला तर ‘मगदु’, मग ‘मग्दु’. दुसरा आधी लावला तर ‘मक्तु’, आणि आता क-त स्वरांमध्ये राहिलेच नाहीत, म्हणून पहिला नियम लागतच नाही. एकाच शब्दाचे दोन निकाल लागले. दोन बहीण-भाषा हव्या असतील तर हाच फरक कामाला येतो: तेच नियम, उलटा क्रम.

दुसरी अडचण एकरूप शब्दांची. नियम फार कठोर केले की चार मुळं एकाच शब्दात कोसळतात. दोन-तीन जोड्या असू द्या, खऱ्या भाषेतही असतात. त्याहून जास्त झाल्या तर एखाद्या मुळाला प्रत्यय लावून वेगळं करा किंवा तो शब्द शेजारच्या भाषेतून उसना आणा. नियम मात्र त्या एका शब्दासाठी वाकवू नका, कारण पुढे तुम्हालाच आठवणार नाही कुठे वाकवला होता. आणि संस्कृत धातू उचलून नावं करायचा मोह टाळा. मराठी वाचक ते पहिल्या पानावर ओळखतो.

पुन्हा कागल: मग सहाला क्वेन्यात ‘एन्क्वे’ आणि सिंदारिनमध्ये ‘एनेग’ कसं? क्व चा प होतो म्हणालात, ‘एनेब’ व्हायला हवं होतं.

शाबास, प्रश्न नेमका आहे. यादीत मूळ बघा: ‘एनेक’. मुळात नुसता क आहे, क्व नाही. क्वेन्यातला व प्रत्ययाबरोबर आला आणि क ला चिकटला, मधला ए गळला, ‘एन्क्वे’ झालं. सिंदारिनमध्ये तो व नसलेलं रूप चाललं, स्वरांमधल्या क चा ग झाला, ‘एनेग’. तुम्ही एका बहिणीवरून दुसरीचं रूप काढायला गेलात, मूळ न बघता. सातमध्येही असाच फरक आहे, क्वेन्यात ‘ओत्सो’ आणि सिंदारिनमध्ये ‘ओदोग’. ते मूळ स्वतः काढून बघा.